मालक कोण

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभा राहून रुळांना तेल देत होता. फोन वॉचमनच्या टेबलावर होता. लिफ्टच्या बोगद्यात उतरताना खिशात काही ठेवायचं नाही, असा त्याचा नियम. वॉचमनने वरच्या मजल्यावरचं लिफ्टचं दार किल्लीने उघडून आत डोकं घातलं.

"मिस्त्री, वर या."

"एक बाजू राहिली आहे."

"राहू द्या. वर या म्हणतो ना."

मिस्त्रीला वाटलं, कुणीतरी लिफ्टसाठी खोळंबलंय आणि वॉचमनचं डोकं खातंय. "त्यांना म्हणावं, जिना अजून काढून नेलेला नाही," तो म्हणाला. अशा बोलण्यावर वॉचमन रोज हसायचा. आज हसला नाही. मिस्त्रीने तेलाचे हात पुसले आणि वर चढला.

घरी पोचला तेव्हा दारात माणसं उभी होती. शेजारीण त्याला पाहून भिंतीला टेकली. करपल्याचा वास आला म्हणून ती डोकावली होती. स्वयंपाकघरात शेगडीवर तेल जळत होतं आणि त्याची बायको खाली कुशीवर पडली होती. एका हातात रबरी मोजा चढवलेला, दुसरा मोजा ओट्यावरच. शेजारी कॉस्टिक सोड्याचा डबा, झाकण काढलेला. साबणाचा नवा घाणा घालायच्या तयारीत होती ती.

डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "मला दाखला देता येणार नाही. असलं रसायन उघडं आहे. इस्पितळात न्यावं लागेल, पोलिसांनाही कळवावं लागेल."

पोलीस आला. तरुण होता, हळू आवाजात बोलत होता. "घरात हे काय करायच्या त्या?"

"साबण," मिस्त्री म्हणाला. "विकायचा. पण चोरून नाही. परवाना आहे." आणि त्याने भिंतीवरची चौकट उतरवून त्याच्या हातात दिली. बायकोवर कुणी बोट ठेवू नये, एवढंच त्या वेळी त्याच्या मनात होतं. तिने हा धंदा चोख केला होता, हे या माणसाला आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. पोलिसाने परवान्याचा फोटो काढून घेतला.

साबणाचं हे सगळं मुलीमुळे सुरू झालेलं. मुलगी लहान असताना बाजारचा साबण लावला की तिच्या अंगावर पुरळ उठायचं. बायकोने कुणाकुणाला विचारून घरीच साबण करायला घेतला. पहिले घाणे वाया गेले. एक तर असा झाला की मिस्त्री म्हणाला, "हा अंगाला लावू की दाराला पाचर म्हणून ठोकू?" ती दिवसभर बोलली नाही, पण पुढचा घाणा जमला. तेलं मोजून घ्यायची, कॉस्टिकचं पाणी निवू द्यायचं, मग दोन्ही एकत्र करून दाटसर होईपर्यंत ढवळत बसायचं. साच्यातून काढून तारेने वड्या कापायच्या आणि गॅलरीतल्या फळ्यांवर मुरायला ठेवायच्या. रोज एकेक वडी उलटायची. पोरीला पुरळ उठेना, तशी शेजारीण मागायला आली, मग शेजारणीची बहीण, मग खालच्या दवाखान्यातलं माणूस.

विकायला लागल्यावर तिला घोर लागला. "उद्या कुणी विचारायला आलं तर मी काय सांगू?" मिस्त्री म्हणायचा, घरात चार वड्या करतेस, तुला कोण विचारतंय. पण ती ऐकणारी नव्हती. इमारतीच्या सेक्रेटरीकडे जाऊन हरकत नसल्याचं पत्र घेतलं. वास येणार नाही, कॉस्टिकचं पाणी मोरीत सोडणार नाही, ढिगाने रसायन साठवणार नाही, असं लिहून दिलं. वेष्टनावर काय काय छापावं लागतं ते विचारून आली. कॉस्टिकसाठी कुलपाचं कपाट घेतलं. मग परवान्याच्या कचेरीत गेली.

कचेरीतली गोष्ट तिने घरी येऊन हसत हसत सांगितली होती. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, मालकाचं नाव काय? तिने मिस्त्रीचं नाव सांगितलं. दुसरं काय सांगणार होती? ती जन्मभर नवऱ्याला मालकच म्हणत आली होती. मालक कामावर गेलेत, मालकांना विचारून सांगते, मालकांना कमी तिखट लागतं. तिची आईही तसंच म्हणायची. कारकुनाने पुढे विचारलं, काम कोण करणार? ती म्हणाली, मीच, दुसरं कोण करणार? त्याने तसं लिहिलं आणि म्हणाला, मालकांना सहीला पाठवा.

मिस्त्री अर्धी रजा टाकून गेला आणि कारकुनाने बोट ठेवलं तिथे सही करून आला.

"झालात आता खरोखरचे मालक," ती म्हणाली.

"मग पगार वाढवू का तुझा?"

"आधी द्यायला तर लागा."

एवढ्यावर तो विषय संपला. परवान्यावर त्याचं नाव, म्हणून वेष्टनावर त्याचं नाव. वेष्टनावर त्याचं, म्हणून तेलवाल्याच्या बिलावर आणि बँकेतही त्याचंच. कामावरचे लोक त्याला चिडवायचे, "या, साबणशेठ." तोही रुबाबात "काय रे, अंघोळ केलीस का?" म्हणून विचारायचा. साबण ढवळायची पळी त्याने एकदाही हातात धरली नव्हती.

शवविच्छेदनात निघालं, हृदय बंद पडलं. कॉस्टिकचा काही संबंध नव्हता. मुलगी सासरहून येऊन राहिली होती. तिने तो अहवाल बाबांना वाचून दाखवला आणि घडी करून ठेवला. मिस्त्रीला वाटलं, निदान आता कुणी काही विचारायला येणार नाही.

तशात पोलिसांनी पाठवलेला परवान्याचा फोटो घेऊन कामगार खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. मध्यम वयाच्या, खांद्याला पिशवी, बोलायला नम्र. दारातच म्हणाल्या, "साबणाच्या धंद्याचे मालक आपणच ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला. सवयीने म्हणाला.

बाईंनी आधी गॅलरी पाहिली. फळ्यांवर तिने केलेला शेवटचा घाणा मुरत होता, पांढऱ्या वड्या, मध्ये बोट जाईल एवढी जागा सोडून लावलेल्या. कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"काम करणाऱ्या बाईंना हातमोजे तुम्ही पुरवत होता?"

"ती आणायची."

"चष्मा? डोळ्यांना लावायचा?"

"होता. तिनेच आणलेला."

"म्हणजे मालकाने पुरवला नव्हता." त्या लिहीत राहिल्या. "आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी?"

"सुट्टी? तिने कधी घेतली नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा थांबा."

"पगार काय होता?"

चेष्टेत झालेलं ते पगाराचं बोलणं मिस्त्रीला आठवलं. "बाई, ती माझी बायको होती."

"ते मी लिहिलंय. पण कागदावर मालक तुम्ही आहात आणि काम करणाऱ्या त्या. कामाच्या जागी, कामाच्या वेळी मृत्यू झालाय. तो कशाने झाला ते डॉक्टरांनी सांगितलं. मालकाने काय काळजी घेतली होती, ते मला पाहावं लागतं."

"मालक मी नाही. मालक ती होती. सगळं तिचं होतं."

"सही कुणाची आहे?"

"माझी. पण ते मालक म्हणजे..." त्याने चौकटीकडे हात केला. "आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, बाई. तुमच्याकडे नाही म्हणत?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "माझी आई म्हणायची," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पण हे मला कुठे लिहिता येणार नाही."

जाताना त्यांनी गॅलरीच्या दारावर कागदी पट्टी चिकटवून शिक्का मारला. चौकशी संपेपर्यंत आतलं काही हलवायचं नाही. मिस्त्री म्हणाला, "वड्या उलटाव्या लागतात रोज. नाही तर खालून ओल धरतात." बाई म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं." पण पट्टी काढली नाही.

नंतर बाईंनी शेजारणीचाही जबाब घेतला. त्याची नक्कल आली तेव्हा शेजारीण घरातच बसली होती. मिस्त्रीने तिला सांगून ठेवलं होतं, जे खरं ते सांगा, धंदा कुणाचा होता ते सांगा. मुलीने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"काय झालं?" शेजारणीने विचारलं.

"मावशी, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, तीच मालकीण होती. स्पष्ट सांगितलं. दोनदा सांगितलं."

मुलीने वाचून दाखवलं, "मयत स्त्री ही मालकाची पत्नी होती, असे शेजारी दोनदा सांगतात."

"मी असं कुठं म्हटलं? मी मालकीण म्हटलं."

"तेच झालं ना, मावशी. मालकीण म्हणजे मालकाची बायको."

शेजारणीने तो कागद ओढून स्वतः पाहिला. मग म्हणाली, "दुसरं काय म्हणायचं असतं मग?" मुलीला सांगता येईना. मिस्त्रीनेही पुष्कळ विचार केला. बाई मालक असली तर तिला मालकीण म्हणतात आणि मालकाची बायको असली तरी मालकीणच म्हणतात. लग्न झालेल्या बाईने धंदा काढला तर तिचा तो धंदा आहे हे एका शब्दात सांगायची सोयच त्याला सापडेना.

वकीलबाई त्याच्या बायकोचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या ऑफिसात हात धुवायच्या बेसिनवर तिचाच साबण होता, झिजून पानासारखा पातळ झालेला. मिस्त्री तिकडे पाठ करून बसला. शेजारी मुलगी होती. वकीलबाईंनी कागद चाळले, चष्मा काढला.

"हे मिटेल," त्या म्हणाल्या. "फार अवघड नाही. नवऱ्याच्या धंद्यात बायको हातभार लावत असेल तर तिला कामगार धरत नाहीत. तुम्ही एवढंच लिहून द्यायचं, ती घरची होती, फावल्या वेळात मदत करायची. मग कामगार कुणी नव्हताच, आणि कामगार नसला की निरीक्षकांचं काम संपलं."

"मदत?" मिस्त्री म्हणाला.

"तसा शब्द आहे."

"तिचा धंदा होता. मी त्यात मदतसुद्धा करत नव्हतो."

"मला माहीत आहे. साबण घेताना मी तुमच्याशी नाही, तिच्याशी घासाघीस करायची. पण सिद्ध कशाने करणार? बिलं तुमच्या नावावर, खातं तुमचं, वेष्टनावर उत्पादक तुम्ही."

"लोक सांगतील ना."

"लोक सांगतील, साबण चांगला होता."

मिस्त्रीने मान हलवली. "सांगू देत. मी लिहून देतो की मालक ती होती आणि माझी सही चुकून झाली. मला काय शिक्षा करायची ती करा. माझं आता काय राहिलंय?"

"बाबा," मुलगी म्हणाली.

वकीलबाईंनी त्याला बोलू दिलं. मग त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि लहान मुलाला समजवावं तसं नाही, पण सावकाश बोलल्या. "तुमचं मी पाहून घेईन. खोटी सही केली म्हणून दंड होईल, फार तर. पण तिचं काय होईल ते ऐका. मालक ती होती असं ठरलं, तर तिच्या नावाचा परवाना कुठे आहे? नाही. म्हणजे तिने विनापरवाना धंदा केला. घरात, भरवस्तीत, कॉस्टिक ठेवून, आणि लोकांना दुसऱ्याच्या परवान्यावर माल विकला. फाइलवर तसं लिहिलं जाईल. आणि तिला उलट उत्तर द्यायला ती नाही."

मिस्त्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तिनेच तर धावपळ केली होती," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, कोण विचारतंय. तीच म्हणाली, मान खाली घालायला नको."

"म्हणूनच सांगते."

"आता परवाना तिच्या नावाने नाही करता येत? मागच्या तारखेने नको. आजच्या."

"गेलेल्या माणसाच्या नावाने परवाना निघत नाही, हो."

मुलीने त्याच्या हातावर हात ठेवला. "आईला चालेल, बाबा. तिला कुठे नावाचं पडलं होतं?"

"तुला काय माहीत, तिला कशाचं पडलं होतं," तो म्हणाला. मुलगी रडायला लागली आणि त्याला वाईट वाटलं, कारण त्यालाही ते माहीत नव्हतं. त्याने बायकोला कधी विचारलंच नव्हतं. परवान्याची चौकट तीच रोज पुसायची. त्यावर नवऱ्याचं नाव पाहून तिला बरं वाटायचं की आत कुठे टोचायचं, हे आता कळायला मार्ग नव्हता.

त्याने सही केली. कागदावर टाइप केलेलं होतं, माझी पत्नी घरकाम सांभाळून फावल्या वेळात मला माझ्या व्यवसायात मदत करत असे. त्याने ते आधी दोनदा वाचलं. प्रत्येक शब्द उलटा होता. फावल्या वेळात ती घरकाम करायची, असं म्हटलं असतं तर निदान खऱ्याच्या जवळपास गेलं असतं.

निरीक्षक बाई पट्टी काढायला आल्या. फाइल बंद झाली होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही योग्य केलंत," आणि बोलल्यावर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. गॅलरीचं दार उघडल्यावर वास आला, तिच्या हातांना असायचा तो. वड्या खालून घामेजल्या होत्या, काहींना फळीच्या रेघा उमटल्या होत्या. मुलीने एक वडी उचलून कुरवाळली आणि म्हणाली, "लागेल अंगाला. पण विकायचा नाही ना आता?" विकायचा तर वेष्टन लागणार, वेष्टनावर उत्पादक लागणार. मिस्त्री म्हणाला, "नाही."

मुलीला घरी परतायला हवं होतं. तिची पोरं खोळंबली होती. जाताना तिने चार वड्या पिशवीत घातल्या आणि बजावून गेली, "परवाना बंद करून टाका, बाबा. नाही तर दर खेपेला कुणी ना कुणी तपासायला येत राहील. आणि जेवत जा."

तो कचेरीत गेला. तो सहीला आला होता तेव्हा खिडकीत कोण होतं, ते त्याला आठवत नव्हतं. आता होता तो भला माणूस दिसला. त्याने परवाना पाहिला, एक अर्ज सरकवला, कुठे काय लिहायचं ते सांगितलं. मिस्त्रीने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि थांबला.

"कारण लिहा," कारकून म्हणाला. "बंद का करताय ते."

"मालक गेली."

कारकुनाने वर पाहिलं. "कोण गेलं?"

"माझी बायको. ती गेली."

"अरेरे." त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग त्याने परवान्यावर बोट फिरवलं. "पण मालक म्हणून इथे हे नाव आहे. हे कोण?"

"मी."

"मग मालक गेले असं कसं लिहिणार, काका? मालक तर समोर उभे आहेत."

रांगेत मागे कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. "असं करा," तो हळू आवाजात म्हणाला, "लिहा, मदतीला माणूस उरलं नाही. किंवा लिहा, धंद्यात रस राहिला नाही. बहुतेक लोक तेच लिहितात. त्यावर कुणी काही विचारत नाही."

मिस्त्रीने पेन कागदावर टेकवलं. मदतीला माणूस उरलं नाही. परवान्यावर सही करून त्याने तिला एकदा तिच्या धंद्याबाहेर ठेवलं होतं, ती मदत करायची असं लिहून देऊन दुसऱ्यांदा. आता तिसऱ्यांदा तेच करायचं होतं. हात पुढे सरकेना.

"काका, जरा बाजूला होता का?" मागचा माणूस म्हणाला. "मला फक्त शिक्का हवाय."

तो बाजूला झाला. भिंतीशी बाक होता, तिथे बसून राहिला. खिडकीतून कारकुनाने एकदोनदा त्याच्याकडे पाहिलं, मग जेवणाच्या सुट्टीचा पडदा ओढला. मिस्त्रीने अर्जाची घडी केली आणि कामावर गेला. एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "दिलात का अर्ज?"

"देतो."

"काय अडलंय?"

"काही नाही. एक ओळ राहिली आहे."

त्यानंतरही ती दर फोनला विचारते आणि तो तेच सांगतो. परवाना अजून चालू आहे, मालक म्हणून नाव त्याचंच आहे, आणि तो बंद करण्याचं कारण अजून लिहून झालेलं नाही.